तीन रेषा नेमक्या कुणाच्या? सी-६० च्या पोकळीत अडकलेल्या नायट्रोजनचं एक प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या आमच्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी एका विद्यार्थिनीने डिझर्टेशनला विषय घेतला तो सी-६० या कार्बनच्या पोकळ रेणूत नायट्रोजनचा एकेकटा अणू अडकवण्याचा. मार्गदर्शन माझ्याकडे होतं. वर्षाच्या मध्यावर तिच्या हातात एक वर्णपट आला. त्यात तीन रेषा होत्या, आणि त्या रेषांनी आम्हाला उरलेलं वर्ष पुरलं. पिंजऱ्यातल्या नायट्रोजनच्याच या रेषा आहेत असं लिहून खाली सही करण्याइतका पुरावा आपल्याजवळ आहे का, एवढाच प्रश्न होता. पाठ्यपुस्तकात उत्तर छापलेलं असतं. त्या उत्तरापर्यंत पोचताना कोणकोणते दुसरे अर्थ बाद करावे लागतात, ते क्वचितच छापलेलं असतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

आधी पिंजऱ्याबद्दल. ज्या १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झालं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांच्या गटाला सी-६० सापडला. साठ कार्बन, बारा पंचकोन, वीस षटकोन. या कामाला १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रेणूचा व्यास सुमारे ०.७१ नॅनोमीटर, भिंतीच्या कार्बन अणूंचे इलेक्ट्रॉन-मेघ वजा केले तर आत साधारण ०.३५ नॅनोमीटरची मोकळी जागा उरते. एक अणू मावेल एवढी. अशी जागा रिकामी राहील यावर रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही, आणि शोधानंतर लगेचच लँथॅनम धातूचा अणू आत असलेल्या पिंजऱ्यांच्या खुणा वस्तुमान वर्णपटात दिसल्या.

नायट्रोजनची गोष्ट मात्र वेगळी आणि मला तरी जास्त आश्चर्यकारक वाटते. मोकळा नायट्रोजन अणू हा अत्यंत क्रियाशील असतो. तीन इलेक्ट्रॉन जोडीविना, तिघांचं स्पिन (इलेक्ट्रॉनला लहानशा चुंबकासारखं वागवणारा गुण) एकाच दिशेला, एकूण स्पिन ३/२. समोर येईल त्याच्याशी बंध करायला तो तयार असतो. सी-६० च्या आत मात्र तो भिंतीला चिकटत नाही. भिंतीच्या कार्बनचे बंध करू शकणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या बाजूला झुकलेले असतात. आतल्या बाजूने ती भिंत जवळजवळ उदासीन असते. त्यामुळे हा अणू पोकळीच्या मध्यभागी, कुणाशीही बंध न करता, खोलीच्या तापमानालाही टिकतो. बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतल्या गटाने १९९६ साली नायट्रोजनचे आयन सी-६० वर सोडून हे दाखवलं. त्यानंतर लवकरच ग्लो डिस्चार्जची, म्हणजे कमी दाबाच्या वायूतून वीज सोडून तो पेटवण्याची, पद्धत आली, आणि तिच्यामुळेच आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेला हा विषय घेण्याचं धाडस करता आलं.

नमुना कसा बनवला

क्वार्ट्झची नळी, रोटरी पंप, नळीभट्टी, उच्च दाबाचा विद्युतपुरवठा आणि आतून पाणी फिरवून थंड ठेवलेला कॅथोड, एवढीच सामग्री. सी-६० ची पावडर पाचशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवली की तिची वाफ होते. ती वाफ कमी दाबाच्या नायट्रोजनमध्ये पेटवलेल्या डिस्चार्जमधून जाते आणि थंड कॅथोडवर तपकिरी-काळा थर बसतो. तो खरवडून टोल्युइनमध्ये विरघळवायचा. न विरघळलेला भाग म्हणजे तुटलेले, एकमेकांना चिकटलेले पिंजरे. ते गाळून टाकायचे. खाली जांभळं द्रावण मिळतं, रिकाम्या सी-६० चं असतं अगदी तसंच.

ही सगळी जुळणी जूनमध्ये पूर्ण झाली, म्हणजे गोव्यात ज्या महिन्यात ती होऊ नये त्या महिन्यात. हवेत इतकी आर्द्रता की नळी उघडून बंद केली तरी काचेवर पाण्याचा थर धरायचा. डिस्चार्जमध्ये पाण्याची वाफ गेली की ऑक्सिजनयुक्त उपपदार्थ होतात आणि ते पुढे वर्णपटात त्रास देतात. नायट्रोजनच्या वाटेवर द्रव नायट्रोजनचा थंड सापळा बसवणं भाग पडलं. तो द्रव नायट्रोजन आम्हाला गुरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करणाऱ्या केंद्रातून मिळायचा. तिथल्या माणसाने एकदाही नाही म्हटलं नाही, उलट काय अडकवायचं आहे ते दर वेळी आस्थेने विचारलं. गडगडाटात वीज गेली की डिस्चार्ज विझायचा पण भट्टी गरमच राहायची, आणि प्रक्रिया न झालेला सी-६० कॅथोडवर बसून थर पातळ करायचा. अशा वेळी जमलेला थर वेगळा ठेवायचा, मिसळायचा नाही, ही शिस्त त्या मुलीने स्वतः घालून घेतली. पुढे तिचा फार उपयोग झाला.

जी उपकरणं काही सांगू शकत नव्हती

महाविद्यालयात होती ती उपकरणं आधी वापरली गेली, हे साहजिकच. अवरक्त वर्णपटात सी-६० चे चार पट्टे मिळाले: ५२७, ५७६, ११८३ आणि १४२९ प्रति सेंटिमीटरच्या आसपास. साठ अणूंच्या रेणूला फक्त चार पट्टे, कारण रेणू अतिशय सममित आहे. अतिनील-दृश्य वर्णपटही रिकाम्या सी-६० सारखाच. दोन्ही आलेख शुद्ध नमुन्याच्या आलेखावर ठेवले तर एकावर एक बसत होते.

“सर, म्हणजे आत काहीच गेलं नाही का?” तिने विचारलं. चेहरा उतरला होता.

इथे थांबून आकडे मांडावे लागले. या पद्धतीने लाखो पिंजऱ्यांमागे जेमतेम काही पिंजरे भरतात. अवरक्त किंवा अतिनील उपकरण नमुन्यातल्या सगळ्या रेणूंची बेरीज दाखवतं. लाखात एखादा वेगळा असला तर त्याचा आवाज त्या बेरजेत ऐकूच येणार नाही. शिवाय भरलेल्या पिंजऱ्याचे स्वतःचे पट्टेही रिकाम्यापेक्षा फारसे हलत नाहीत, कारण आतला नायट्रोजन भिंतीशी बांधलेलाच नाही. म्हणून ‘फरक दिसला नाही’ या निकालाचा अर्थ ‘आत काही नाही’ असा होत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्या उपकरणाकडे नव्हतंच.

वस्तुमान वर्णपटाचंही तसंच. रिकामा सी-६० येतो ७२० वर, नायट्रोजन असलेला यायला हवा ७३४ वर. पण कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के कार्बन-१३ असतो. अणू साठ, त्यामुळे ७२१ चं शिखरच ७२० च्या सुमारे ६५ टक्के उंच असतं, आणि पुढे ७२२, ७२३ अशी रांग लागते. त्यापलीकडे ७३६ वर पिंजऱ्याच्या बाहेर ऑक्सिजन चिकटलेला सी-६०. या गर्दीत लाखात एखाद्या रेणूचं ७३४ चं शिखर शोधून त्यावर दावा उभा करणं मला पटलं नाही. तिथे समजा शिखर दिसलं असतं, तरी नायट्रोजन आत आहे की बाहेर, हे ते सांगणार नव्हतं.

हवं होतं असं उपकरण ज्याला पिंजरा दिसतच नाही, फक्त आतला अणू दिसतो. रिकाम्या सी-६० मध्ये जोडीविना इलेक्ट्रॉन नाही; आतल्या नायट्रोजनमध्ये तीन आहेत. इलेक्ट्रॉन स्पिन अनुनाद, म्हणजे ईएसआर, फक्त अशाच इलेक्ट्रॉनांना ओळखतो. नायट्रोजन-१४ च्या अणुकेंद्राचं स्पिन १ असल्यामुळे इलेक्ट्रॉनांची रेषा तिघांत विभागते, तीन सारख्या उंचीच्या रेषा. नमुना निर्वात करून क्वार्ट्झच्या नळीत बंद केला आणि मडगावहून कोकण रेल्वेने मुंबईच्या एका केंद्रात पाठवला.

पहिला आलेख आणि दुसरा

पहिल्या मोजणीचा आलेख आला तो निराशाजनक होता. जी-किंमत, म्हणजे रेषेची जागा सांगणारा आकडा, २.००२ च्या आसपास असलेली एक बोथट, रुंद रेषा, तिच्या दोन्ही अंगांना किंचित फुगवटा. सोबतच्या टिपणात नेहमीच्या नमुन्यांसाठी असतात तशी मांडणी नोंदवलेली होती: १००० गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) रुंदीचा स्कॅन, १०२४ बिंदू, मॉड्युलेशन (मोजताना क्षेत्राला दिलेली बारीक थरथर) २ गॉस, मायक्रोवेव्ह शक्ती १० मिलिवॉट. अनोळखी नमुन्याला पहिल्यांदा हीच मांडणी योग्य असते. पण पिंजऱ्यातला नायट्रोजन हा अनोळखी नमुन्यांसारखा नाही.

द्रावणात त्याच्या रेषा गॉसच्या दहाव्या भागाहूनही अरुंद असू शकतात. हजार गॉसमध्ये हजार बिंदू म्हणजे दोन बिंदूंमध्ये एक गॉस अंतर. मोठ्या भोकांचं जाळं टाकून पेडवे धरता येत नाहीत, तसंच हे. वर २ गॉसचं मॉड्युलेशन, म्हणजे उपकरण स्वतःच रेषेला रेषेच्या कितीतरी पट पसरवतं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शक्तीची. बहुतेक रॅडिकलांमध्ये, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंमध्ये, तो इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्हकडून घेतलेली ऊर्जा पटकन भोवताली देऊन टाकतो आणि पुन्हा घ्यायला मोकळा होतो. पिंजऱ्यात बंद असलेल्या नायट्रोजनचा भोवतालाशी संबंधच तुटल्यासारखा असतो. तो ऊर्जा फार हळू सोडतो, म्हणून थोड्या शक्तीतच संपृक्त होतो. शक्ती वाढवली की त्याची रेषा वाढायच्या ऐवजी खुरटते, आणि सामान्य अशुद्धीची रेषा मात्र उंच होत जाते. १० मिलिवॉटला आम्ही नेमकी अशुद्धी मोठी करून बघत होतो.

दुसऱ्या मोजणीला विद्यार्थिनी स्वतः गेली. पावडरीऐवजी टोल्युइनमधलं द्रावण नेलं. आधी ते गोठवून, वरची हवा ओढून, पुन्हा वितळवून त्यातला विरघळलेला ऑक्सिजन काढला होता, कारण ऑक्सिजन स्वतः चुंबकीय असतो आणि शेजारच्या रेषा रुंद करतो. स्कॅन फक्त ३० गॉस, मॉड्युलेशन ०.०५ गॉस, शक्ती मायक्रोवॉटांत. तिथल्या तंत्रज्ञाने आधी विचारलं, एवढ्या कमी शक्तीत गोंधळाशिवाय काय दिसणार? पण मोजणी लावून दिली आणि बराच वेळ स्कॅनवर स्कॅन साठवत राहू दिले. संध्याकाळी तिचा फोन आला.

“सर, तीन रेषा!”

आनंद खरा होता, माझाही. तरीही मी तिला पहिली गोष्ट विचारली ती अंतराची, आणि दुसरी, तिन्ही सारख्या उंच आहेत का. अंतर होतं ५.७ गॉसच्या जवळ. उंची सारखी नव्हती. मधली रेषा इतर दोघींपेक्षा स्पष्टपणे उंच होती.

संशयित

नायट्रोजनमुळे तीन रेषा देणारी गोष्ट फक्त पिंजऱ्यातला अणू नसतो. सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा टेम्पो हा नायट्रॉक्साइड रॅडिकलही नायट्रोजन-१४ मुळे तीन जवळजवळ सारख्या रेषा देतो, तोही हवेत टिकतो, तोही टोल्युइनमध्ये विरघळतो. आमच्याच फ्युम हुडमध्ये शेजारचा गट अल्कोहोलांच्या ऑक्सिडेशनसाठी तो वापरत होता. ईएसआरला लागणारं प्रमाण इतकं कमी असतं की एखाद्या पिपेटच्या टोकाला राहिलेला अंशही पुरेसा ठरतो. म्हणून हा संशय नुसता वहीत लिहून सोडण्याजोगा नव्हता.

टेम्पोच्या रेषांमधलं अंतर सुमारे १५ ते १६ गॉस असतं, आमचं ५.७. एवढ्यावर टेम्पो बाद होतो. पण मी तिला दुसरी, स्वतंत्र खूण शोधायला लावली, आणि ती डीपीपीएच या संदर्भ-पदार्थामुळे मिळाली. त्याची जी-किंमत २.००३६ आहे, हे पक्कं ठाऊक असतं. ९.४५ गिगाहर्ट्झला त्याची रेषा साधारण ३३६९.८ गॉसला पडते. टेम्पोची जी २.००६ च्या जवळपास, म्हणून त्याचा मध्य डीपीपीएचच्या अलीकडे, सुमारे ४ गॉस कमी क्षेत्रात यायला हवा. पिंजऱ्यातल्या नायट्रोजनची जी २.००२ च्या किंचित वर, म्हणून त्याचा मध्य पलीकडे, सुमारे २.४ गॉस जास्त क्षेत्रात. डीपीपीएचचा कण बारीक केशनळीत भरून शेजारी ठेवला. मधली रेषा त्याच्या पलीकडे आली. अंतराची खूण आणि जागेची खूण एकमेकींवर अवलंबून नाहीत. दोन्ही टेम्पोच्या विरुद्ध गेल्या.

तरी मधली रेषा उंच का, हा प्रश्न तसाच होता, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग हाच. नायट्रोजन-१४ च्या केंद्राच्या तिन्ही अवस्था खोलीच्या तापमानाला सारख्याच प्रमाणात भरलेल्या असतात. रेषा असमान असण्याचं कारण अणूमध्ये नाही. म्हणजे मधल्या रेषेखाली दुसरं काहीतरी दडलेलं आहे. हवेच्या संपर्कात आलेल्या सी-६० मध्ये जी २.००२ च्या आसपासची एक रेषा बहुतेक वेळा मिळतेच. ऑक्सिजनमुळे तयार झालेल्या दोषांशी तिचा संबंध जोडला जातो. ती पडते नेमकी आमच्या मधल्या रेषेच्या जागी. पहिल्या आलेखातली बोथट रेषा हीच होती, आणि तिचे फुगवटे म्हणजे नायट्रोजनच्या कडेच्या रेषा.

हे म्हणणं खरं असेल तर तपासता येतं. शक्ती वाढवत नेली तर कडेच्या दोन रेषा खुरटायला हव्यात आणि मध्ये रुंद पाया उंचावत जायला हवा. तसंच झालं. द्रावण शोषक पावडर भरलेल्या स्तंभातून काढून ऑक्सिजनयुक्त उपपदार्थ कमी केले तर मधली उंची उतरायला हवी. तीही उतरली, पूर्ण सारखी नाही, पण फरक डोळ्यांना दिसण्याजोगा. इथे वेगळे ठेवलेले थर कामी आले. कोरड्या दिवसांत, वीज न जाता बनलेल्या थरात मधला फुगवटा सर्वांत कमी होता.

आत की बाहेर

अंतर आणि जागा जुळली तरी अणू पिंजऱ्याच्या आतच आहे, याचा थेट पुरावा हवा होता. पहिला पुरावा उष्णतेचा. पिंजऱ्यातला नायट्रोजन सुमारे २६० अंशांपर्यंत टिकतो. त्यापुढे तो भिंतीकडे सरकतो, कार्बनांशी तात्पुरता बंध करतो आणि त्या वाटेने बाहेर पडतो. सी-६० स्वतः या तापमानाला शाबूत राहतो. निर्वात नळीतली पावडर २०० अंशांवर ठेवून गार केली. कडेच्या रेषा जवळपास तशाच राहिल्या. मग ३०० अंशांवर ठेवली. कडेच्या रेषा नाहीशा झाल्या आणि गार केल्यावर परत आल्या नाहीत. मधली बोथट रेषा मात्र काही प्रमाणात उरली. एकाच नमुन्यातल्या दोन गोष्टी उष्णतेला वेगवेगळ्या वागल्या, म्हणजे त्या दोन वेगळ्या गोष्टीच होत्या.

दुसरा पुरावा समस्थानिकाचा, आणि माझा सर्वाधिक विश्वास याच्यावर. नायट्रोजन-१५ च्या केंद्राचं स्पिन १/२ आहे. तो आत गेला तर तीनऐवजी दोनच रेषा मिळतील, आणि दोघींमधलं अंतर चुंबकीय गुणोत्तरामुळे १.४० पट होईल: ५.६६ गॉसऐवजी सुमारे ७.९. निसर्गातल्या नायट्रोजनमध्येही ०.३७ टक्के नायट्रोजन-१५ असतो, तेव्हा आमच्याच आलेखात ती जोडी बारीकशी दिसायला हवी, असं विद्यार्थिनीने सुचवलं. सुचवणं बरोबर होतं. पण हिशोब केला तर ती रेषा मुख्य रेषेच्या सुमारे एकशेऐंशीव्या भागाएवढी येते, आणि आमच्या आलेखातला गोंधळ त्याहून उंच होता. तिथे खुणेची वाट बघणं म्हणजे हवं ते बघणं झालं असतं.

नायट्रोजन-१५ वायू महाग असतो. एका मित्राच्या प्रयोगशाळेत जुन्या प्रकल्पातली अर्धी बाटली शिल्लक होती. ती त्यांनी दिली. वाहत्या वायूऐवजी बंद नळीत थोडा वायू भरून डिस्चार्ज पेटवला, त्यामुळे थर फार पातळ आला आणि मोजणीला आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. आलेखात दोन रेषा होत्या. अंतर ७.९ गॉस. मध्ये, जिथे आधी उंच रेषा होती तिथे, आता फक्त तो रुंद, बुटका पाया उघडा पडला होता. मधल्या रेषेबद्दलचा संशयही त्यामुळे एकाच मोजणीत मिटला, ही मिळकत आम्ही मागितलेलीही नव्हती.

हवेतला किंवा बाटलीतला नायट्रोजन बदलला की रेषांची संख्या बदलते, म्हणजे रेषा आम्ही घातलेल्या वायूपासून आल्या आहेत. टेम्पो, फ्युम हुड, पिपेट यांपैकी कशाचाही या बदलाशी संबंध असू शकत नाही.

आकडा काय सांगतो

ओळख पटल्यावर वर्णपटाचं खरं वाचन सुरू होतं. ५.६६ गॉस म्हणजे ऊर्जेच्या भाषेत सुमारे १५.८ मेगाहर्ट्झ. पूर्ण मोकळ्या नायट्रोजन अणूत हाच आकडा १०.४५ मेगाहर्ट्झ असतो. पिंजऱ्यात तो जवळजवळ दीडपट झाला. या आकड्यातून कळतं ते अणुकेंद्राच्या अगदी जवळ स्पिनची किती घनता आहे ते. भिंत अणूच्या इलेक्ट्रॉन-मेघाला चारही बाजूंनी थोडं आत दाबते, आणि ती घनता वाढते. मात्र सगळ्या दिशांनी सारखंच दाबते. तसं नसतं तर स्पिन ३/२ च्या अवस्था आपसात फुटल्या असत्या आणि पावडरीतल्या रेषा पसरल्या असत्या. म्हणून एकाच आलेखातून दोन गोष्टी कळतात: अणू पोकळीच्या मध्यभागी आहे, आणि त्याला भिंतीचं अस्तित्व जाणवतं. बंध एकही नसताना एवढा बदल व्हावा, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं.

किती पिंजरे भरले, हेही याच मोजणीतून काढलं. ज्ञात प्रमाणाच्या टेम्पो द्रावणाशी तुलना केली (वेगळ्या नळीत, वेगळ्या दिवशी), पण टेम्पोचं स्पिन १/२ आणि नायट्रोजनचं ३/२. सिग्नलची ताकद स्पिन गुणिले स्पिन अधिक एक या प्रमाणात बदलते, ०.७५ विरुद्ध ३.७५. म्हणून आलेला आकडा पाचने भागावा लागतो. भागल्यावर दर दहा लाख पिंजऱ्यांमागे तीन-चार भरलेले, असा अंदाज निघाला. १० मिलिग्रॅम सी-६० मध्ये पिंजरे असतात सुमारे ८.४ गुणिले १० चा १८ वा घात. म्हणजे तीनचार दशलक्षांश धरले तरी १० चा १३ वा घात ओलांडणारी संख्या. वजनात मोजायला गेलं तर काहीच नाही, ईएसआरसाठी भरपूर.

पाहुणा बदलला की खिडकी बदलते, हे तिने डिझर्टेशनच्या प्रस्तावनेत नीट लिहिलं. हीलियमला जोडीविना इलेक्ट्रॉन नाही, तिथे ईएसआर निरुपयोगी. पण हीलियम-३ चं अणुकेंद्र एनएमआरला, म्हणजे अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाला, दिसतं: त्याच्या रेषेची जागा सी-६० च्या आत उणे ६.३, सी-७० या सत्तर कार्बनांच्या पिंजऱ्यात उणे २८.८ पीपीएम. एवढ्या फरकातून दोन पिंजऱ्यांचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला किती वेगळा प्रतिसाद देतात ते कळतं. याच हीलियमची पोकळीतली हालचाल २०२१ साली टेराहर्ट्झ प्रकाशाने मोजली गेली. मोकळा हीलियम अणू असा प्रकाश शोषत नाही, पिंजऱ्यात मात्र भिंतीशी होणाऱ्या आंतरक्रियेमुळे शोषतो. लँथॅनम आपले तीन इलेक्ट्रॉन पिंजऱ्याला देऊन टाकतो, म्हणून सी-८२ मधल्या लँथॅनमच्या आठ रेषा अगदी जवळजवळ पडतात. जोडीविना इलेक्ट्रॉन मुख्यतः भिंतीवर असतो. झेनॉनच्या बाबतीत अतिनील आणि क्ष-किरण यांच्या मधल्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर उडवला की त्याची लाट पिंजऱ्यावर आदळून अंशतः परत फिरते आणि शोषणाच्या आलेखात चढउतार उमटतात. हे आधी सिद्धांतात भाकीत होतं, २०१० मध्ये बर्कलीत प्रयोगाने दिसलं. या सैद्धांतिक कामात पूर्वी आयआयटी मद्रासमध्ये असलेले प्रा. प्रणव देशमुख यांचा वाटा आहे, आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला पिंजऱ्यामुळे किती ॲटोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश) उशीर होतो याचं गणित त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलं आहे. आमच्या मुलांना हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

दावा कसा लिहिला

डिझर्टेशनच्या मसुद्यात निष्कर्ष होता, ‘नायट्रोजन असलेला सी-६० यशस्वीपणे बनवला’. त्यावर आमची बरीच चर्चा झाली. तिचं म्हणणं, इतके पुरावे असताना हात आखडता का घ्यायचा? माझं म्हणणं, बनवलेल्या पदार्थाचा ९९.९९९ टक्क्यांहून जास्त भाग रिकामा सी-६० आहे. तो वेगळा काढलेला नाही. वेगळा काढायला एचपीएलसी या उच्च दाबाच्या स्तंभातून वेगळं करण्याच्या पद्धतीच्या पुन्हा पुन्हा फेऱ्या लागतात आणि तेवढं साहित्य आमच्याकडे नव्हतं. शेवटी वाक्य ठरलं ते असं: ‘नमुन्यात सी-६० च्या आत बंदिस्त नायट्रोजन अणू आहेत, हे रेषांचं अंतर, जी-किंमत, ३०० अंशांवरील कायमचा लोप आणि समस्थानिक बदल या चार स्वतंत्र खुणांवरून सिद्ध होतं, प्रमाण काही दशलक्षांश आहे, पदार्थ विलग केलेला नाही.’ बाह्य परीक्षकांनी तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न टेम्पोचाच विचारला. तिने डीपीपीएचचा आलेख पुढे ठेवला आणि मग नायट्रोजन-१५ चा.

एक गोष्ट मात्र अनिर्णित राहिली. आम्ही घेतलेल्या सी-६० मध्ये थोडा सी-७० होता, आणि तोही नायट्रोजन आत घेतो. त्याचा आकडा किंचित कमी, सुमारे १५.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे रेषांमधलं अंतर ५.४ गॉस. आमच्या सर्वांत चांगल्या आलेखात कडेच्या रेषांच्या आतल्या बाजूला, मुख्य रेषेपासून पाव गॉसभर अंतरावर, एक बारीक खांदा आहे. तो सी-७० चा असेल तर शुद्ध सी-७० पासून सुरुवात केल्यावर नेमका तिथेच पूर्ण उंचीने यायला हवा, आणि शुद्ध सी-६० पासून केल्यावर दिसता कामा नये. यंदाच्या विद्यार्थ्याने दोन्ही पावडरी मागवल्या आहेत. डिसेंबरात हवा कोरडी झाली की भट्टी पेटेल.